यंत्रावर वाद, तारखेवर मौन
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

शाळेत असताना ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडणार नाही. त्या निबंधाचा शेवटही ठरलेला असे. विज्ञान स्वतः चांगले वा वाईट नसते, ते वापरणाऱ्या माणसावर सारे अवलंबून असते, असे लिहून आपण खाली रेघ मारीत असू आणि दहापैकी सात गुण मिळवीत असू. आता आपण मोठे झालो, मतदार झालो, आणि तोच निबंध नव्या मथळ्याने आपल्यापुढे आला आहे. ‘मतदान यंत्र : शाप की वरदान?’ निवडणूक आली की चहाच्या टपरीवर, बसमध्ये, उपाहारगृहातल्या बाकावर हाच विषय. एक बाजू म्हणते, सारी करामत यंत्राची आहे. दुसरी म्हणते, नाचता येईना अंगण वाकडे. वाद रंगतो, चहा निवतो, तासाची घंटा होते आणि जो तो आपापल्या वर्गात जातो.

या वादात दोन्ही बाजूंचे मला थोडे थोडे पटते. परंतु माझे म्हणणे निराळे आहे. मत कसे मोजावे यावर आपण जितका घसा कोरडा केला, त्याच्या दशांशानेही मत केव्हा घ्यावे यावर केला नाही. त्यामुळे आपल्या पुणे शहराला जवळजवळ चार वर्षे नगरसेवक नव्हते आणि मधले चौदा महिने खासदारही नव्हता, ही गोष्ट एखाद्या सार्वजनिक सुटीसारखी कोणाच्या फारशी लक्षातच आली नाही. यंत्रात मत बदलते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण जे मत मागितलेच जात नाही, ते शंभर टक्के वाया जाते, हे सांगायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही.

प्रथम यंत्राविषयी. कारण त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. वाचता न येणाऱ्या कोट्यवधी मतदारांसाठी काढलेली ती तोड होती. त्यांतल्या लाखो लोखंडी पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. म्हणजे तेव्हाचे तेही नवे तंत्रज्ञानच होते. पुढे सर्व उमेदवारांची मिळून एक मतपत्रिका आली आणि शिक्का आला. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडला की मत बाद. आणि जेथे दांडगाई असेल तेथे केंद्रच ताब्यात घेऊन शिक्क्यांवर शिक्के मारायचे, हाही प्रकार काही भागांत होऊ लागला. कागदाचा काळ सोन्याचा होता असे जे आज सांगितले जाते, ते सांगणाऱ्यांनी ही बाजूही सांगितली पाहिजे.

यंत्र प्रथम वापरले गेले ते १९८२ च्या मे महिन्यात, केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर. त्या निवडणुकीची कथा मोठी गमतीची आहे. ज्या उमेदवाराने मतदानापूर्वी यंत्राला विरोध करून न्यायालयात धाव घेतली होती, तोच निवडून आला. मग जो हरला तो यंत्राविरुद्ध न्यायालयात गेला! १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, सबब त्या केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावे. १९८८ च्या अखेरीस संसदेने कायदा बदलला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली. पुढचा इतिहासही परूरचीच पुनरावृत्ती आहे. २००९ च्या पराभवानंतर भारतीय जनता पक्षाच्या काही पुढाऱ्यांनी यंत्राबद्दल शंका घेतल्या. २०१४ नंतर त्याच शंका विरोधी बाकांवरून ऐकू येऊ लागल्या. तात्पर्य, ही शंका कोणत्याही एका पक्षाची वडिलोपार्जित मालमत्ता नाही. जो हरतो त्याच्याकडे ती वस्तीला जाते.

पण म्हणून ती हसण्यावारी न्यावी काय? मला तसे वाटत नाही. हरलेल्यांपलीकडेही माणसे आहेत. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, डॉ. बाबा आढाव वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यात तीन दिवस आत्मक्लेश उपोषणाला बसले होते. निवडणुकीतला पैशाचा वापर आणि यंत्राविषयीचा अविश्वास हे त्यांचे विषय होते. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. हमाल पंचायत उभी करणाऱ्या या माणसाला आमच्या घरात ‘बाबा’ याखेरीज दुसरे नाव नव्हते. ८ डिसेंबर २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आमच्या घरात कोणी जेवले नाही. त्यांना कोणतीही निवडणूक जिंकायची नव्हती. अशा माणसाच्या शंकेला उत्तर द्यावे लागते.

त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाच्या गावाने ठरवले की, ३ डिसेंबर २०२४ रोजी आपण गावापुरते कागदावर मतदान घेऊन पाहू. विशेष असे की, त्या मतदारसंघात जिंकलेला उमेदवारच गावाच्या बाजूने उभा होता. प्रशासनाने जमावबंदीचा आदेश काढला आणि मतदान होऊ दिले नाही. कायद्याच्या भाषेत प्रशासनाचे बरोबर असेल. निवडणूक घेण्याचा अधिकार गावाला नाही, हेही खरे. परंतु शंकेवर जमावबंदी लावता येत नाही. ती माणसांवर लागते, शंका घरोघर फिरत राहते.

यावर उपाय यंत्र फेकून देण्याचा नाही. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकेकडे परत जाण्याची मागणी फेटाळली, आणि केवळ संशयावरून सारी पद्धत मोडता येणार नाही असाच त्या निकालाचा आशय आहे. तो मला मान्य आहे. पण त्याचबरोबर जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ साली जे तत्त्व सांगितले तेही मला मान्य आहे. त्या न्यायालयाने म्हटले की, मतदानाचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञान नसताना, पडताळून पाहता आले पाहिजेत. हे वाक्य वाचताना मला माझी आई आठवली. ती चौथी शिकली आहे आणि चार घरची धुणीभांडी करते. भाजीवाल्याने तागडी हवेत धरली तर ती म्हणते, “दादा, काटा खाली टेकवा.” तिला तराजूचे शास्त्र ठाऊक नाही, पण काटा कोठे असावा हे ठाऊक आहे. मतदानाचा काटाही असाच तिच्या डोळ्यांपुढे टेकला पाहिजे.

या दृष्टीने २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर जी चिठ्ठीची सोय आली, ती मोठी सुधारणा होय. बटण दाबले की काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताळा पाहतात. परंतु १५ जानेवारी २०२६ रोजी मी माझ्या आयुष्यातले पहिले मत पुणे महानगरपालिकेसाठी दिले, तेव्हा तेथे चिठ्ठी नव्हती. एका प्रभागातून चार सदस्य निवडायचे, म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका लावलेली यंत्रे ओळीने मांडली होती. मी चार बटणे दाबली, यंत्र वाजले, मी बाहेर आले. बहुसदस्यीय प्रभागात चिठ्ठीच्या यंत्राची सोय तोवर झालेली नव्हती, असे राज्य निवडणूक आयोगाने आधीच जाहीर केले होते. दिल्लीच्या खासदारासाठी जी खात्री मिळते, ती आपल्या गल्लीतल्या नगरसेवकासाठी मिळू नये, हे मला उलटे वाटते. ज्याच्याशी रोजचा संबंध, त्याच्याच निवडीत खात्री कमी!

असो. यंत्राविषयी माझे मत एवढेच : ते राहावे, पण त्याचा काटा सर्वांना दिसावा. आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे वळते.

पुणे महानगरपालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली. त्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली. दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. त्यानंतर मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे मध्ये तीन वर्षे दहा महिने गेले. हा आकडा बोटांवर मोजून पाहावा. २०१७ च्या मार्चमध्ये ज्याला अठरा वर्षे पूर्ण झाली, तो तरुण महापालिकेसाठी आपले पहिले मत देईपर्यंत सव्वीस वर्षांचा झाला होता. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आणि १९८९ पासून आपल्यासारखे द्वितीय वर्षाचे विद्यार्थी मतदार झाले. त्यापूर्वी याच वयाच्या विद्यार्थ्यांना हा हक्क नव्हता. संसदेने तीन वर्षे दिली आणि आपल्या शहरात आठ वर्षे गेली, असा हा हिशेब आहे.

याच काळात आणखी एक प्रकार घडला. २९ मार्च २०२३ रोजी पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचे निधन झाले. लोकसभेची मुदत संपायला एक वर्षाहून अधिक काळ होता. कायदा सांगतो की, जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर गोष्ट वेगळी. तरीही पोटनिवडणूक झाली नाही. एका पुणेकर नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे आणि उरलेला काळ थोडा आहे, असे निवडणूक आयोगाचे म्हणणे होते. डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते अमान्य करून ताबडतोब निवडणूक घेण्यास सांगितले. परंतु तोवर इतका उशीर झाला होता की, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. उशीर हेच उशिराचे समर्थन ठरले! आणि गंमत पाहा, याच शहरात कसबा पेठेच्या आमदार मुक्ता टिळक यांचे २२ डिसेंबर २०२२ रोजी निधन झाले, तेव्हा २६ फेब्रुवारी २०२३ रोजी पोटनिवडणूक पार पडलीही होती. म्हणजे दोन महिन्यांत निवडणूक घेणे अशक्य नव्हते. शहर तेच, यंत्रे तशीच, कर्मचारीही तेच.

परिणामी मार्च २०२३ पासून ४ जून २०२४ पर्यंत, सुमारे चौदा महिने, पुणे शहराला ना नगरसेवक ना खासदार अशी अवस्था होती. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात यावर एक मोठी सभा झाल्याचे माझ्या तरी स्मरणात नाही.

कोणी म्हणेल, नगरसेवक नसल्याने काय बिघडले? पाणी आले, दिवे लागले, रस्ते झाडले गेले. उलट अधिकाऱ्यांना राजकारणाचा अडथळा न होता काम करता आले. हा युक्तिवाद मी सुशिक्षितांकडूनच अधिक ऐकला आहे. याचे कारणही उघड आहे. ज्याच्याकडे फोनवर तक्रार लिहिण्याचे ज्ञान आहे, ओळखीचा अधिकारी आहे, सोसायटीचा सचिव आहे, वकील नातेवाईक आहे, त्याला नगरसेवकाची गरज कमी लागते. वस्तीतल्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्याजवळ एकच गोष्ट असते : पाच वर्षांतून एकदा आपल्या दारी येऊन हात जोडावे लागणारा एक माणूस. तुंबलेले गटार, सार्वजनिक नळाची वेळ, शहरी गरीब योजनेचा कागद, रहिवासाचा दाखला, रात्री दहा वाजता दवाखान्यात करायचा एक फोन, या सर्वांसाठी वस्ती त्याच्याकडेच जाते. त्या चार वर्षांत आमच्या वस्तीतली माणसे ‘माजी’ नगरसेवकांकडे जात. काही माजी धावून येत, काही येत नसत. पण येणाऱ्याचेही ते उपकार होते, कर्तव्य नव्हे. आणि उपकार करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. लोकशाहीत आणि मेहरबानीत फरक असतो तो हाच.

वस्तीचे राहू द्या, गावांचे पाहू. जून २०२१ मध्ये नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, वाघोली, सूस, म्हाळुंगे आदी २३ गावे महापालिकेत आली. त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या, पण नगरसेवक आले नाहीत. या गावांनी नव्या कारभारासाठी पहिले मत दिले ते साडेचार वर्षांनी. मधल्या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात गुइलेन बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची, साथ आली आणि पिण्याच्या पाण्याबद्दल साऱ्या गावांत भीती पसरली. नगरसेवक असते तर साथ आली नसती, असा दावा मी करणार नाही; तो खोटा ठरेल. पण विहिरीच्या काठी उभे राहून “हे पाणी कोण तपासते?” असे विचारताना त्या माणसाला सभागृहात बोलणारा एकही प्रतिनिधी नव्हता, हे मात्र खरे आहे. सभागृहच नव्हते.

महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते सरकारनियुक्त सभासद होते. ज्या लोकांसाठी ते बोलत, त्या शूद्रातिशूद्रांना, स्त्रियांना मतच नव्हते. त्यांच्यासारखा नेमलेला माणूस गरिबांची बाजू घेतो, हा अपवाद असतो. अपवादावर विसंबून राहायचे नाही म्हणून तर आपण मताचा हक्क मिळवला. एकविसाव्या शतकात चार वर्षे पुन्हा नेमणुकीच्या कारभाराखाली काढणे म्हणजे त्या वाटेवर उलटे चालणे आहे.

मग निवडणुका लांबल्या का? कारणे होती, आणि त्यांतील एक अत्यंत न्याय्य होते. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांतील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी समर्पित आयोग, माहिती आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा या अटी आवश्यक ठरवल्या. आरक्षणाशिवाय निवडणूक नको, ही मागणी मलाही योग्य वाटते. ज्या घरात पहिल्यांदा पुस्तक आले, त्या घराला सभागृहात खुर्ची मिळाली ती आरक्षणानेच. त्यात भर म्हणून प्रभाग तीन सदस्यांचा की चारांचा, सदस्यसंख्या किती, हे सरकार बदलेल तसे बदलत राहिले आणि प्रत्येक बदल न्यायालयात गेला. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २०२२ च्या अहवालापूर्वी इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाची जी स्थिती होती तीप्रमाणे निवडणुका घ्या. मूळ प्रश्न पुढे चालू राहील. त्यानंतर मुदत वाढून ३१ जानेवारी २०२६ ठरली आणि निवडणूक झाली.

येथेच माझा प्रश्न आहे. वाद चालू ठेवून निवडणूक घेता येते, हे २०२५ साली शक्य झाले, तर आधीच का नाही? घटनेचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते की, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २००६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले होते. कारण न्याय्य होते, पण विलंब न्याय्य नव्हता. आणि या विलंबाची कोणत्याच पक्षाला खरी घाई नव्हती, हे सांगायला मला कोणाची भीती वाटत नाही. या काळात राज्यात दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली.

तिसरी गोष्ट यादीची. यंत्रासमोर पोहोचण्यापूर्वी मतदाराला यादीतून जावे लागते. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. २०१४ च्या लोकसभेला पुण्यात ओळखपत्र हातात घेऊन आलेल्या अनेक मतदारांना यादीत नावच सापडले नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात प्रभागांच्या प्रारूप याद्या लागल्या, तेव्हा नाव भलत्याच प्रभागात गेल्याच्या हजारो हरकती आल्या आणि दुबार नावांपुढे दोन तारकांची खूण करावी लागली. यंत्र मिनिटात मोजते, पण यादी चुकली तर ते बिचारे काय मोजणार?

आता आपले काही मित्र म्हणतील, या साऱ्यावर फोन हाच उपाय. पैसे फोनवरून जातात, मग मत का जाऊ नये? एस्टोनियात २००५ पासून घरबसल्या मत देता येते आणि बिहारमध्ये जून २०२५ मध्ये काही नगर निवडणुकांत मोबाईलवरून मतदान झालेही. कल्पना आकर्षक आहे, परंतु मला ती धोक्याची वाटते. पैशाच्या व्यवहारात नाव आणि रक्कम दोन्ही नोंदली जातात, म्हणून चूक सापडते. मताच्या व्यवहारात मात्र नाव आणि मत यांची फारकत व्हावी लागते, नाहीतर गुप्तता संपली. शिवाय मतदान केंद्रातला तो पुठ्ठ्याचा आडोसा फार मोलाचा आहे. वर्षभर नवरा, सासरा, मुकादम, घरमालक यांच्या नजरेखाली वावरणाऱ्या बाईला त्या आडोशामागे एक मिनिट कोणी पाहत नसते. घरातल्या फोनला तो आडोसा कोठून आणणार? पाचशेची नोट देणारा मग बटण दाबेपर्यंत शेजारीच बसून राहील. यंत्रयुगात काही गोष्टी पायी चालत जाऊनच कराव्यात. मतदान त्यांपैकी एक आहे.

तेव्हा सुधारणा कोणत्या व्हाव्यात? मला सुचतात त्या चार.

पहिली, प्रभागरचना, आरक्षण आणि याद्या यांचे काम मुदत संपण्याच्या सहा महिने आधी संपलेच पाहिजे, असे वेळापत्रक कायद्यात असावे. वाद न मिटल्यास आधीच्या रचनेवर निवडणूक घ्यावी आणि वाद चालू ठेवावा. प्रशासक सहा महिन्यांपलीकडे राहू नये.

दुसरी, पोटनिवडणुकीची सहा महिन्यांची अट केवळ पुस्तकात राहू नये. ती टाळायची असेल तर मुदत उलटण्यापूर्वी लेखी कारणे जाहीर करावीत, म्हणजे उशीर होण्याआधी नागरिकाला न्यायालयात जाता येईल.

तिसरी, महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या मतदानातही चिठ्ठी दिसावी आणि काही केंद्रांच्या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष मोजाव्यात. चार सदस्यांच्या प्रभागाला ती जमत नसेल, तर प्रभाग लहान करावा. यंत्रासाठी मतदार नसून मतदारासाठी यंत्र आहे.

चौथी सुधारणा सरकारने नव्हे, आपणच करण्याजोगी आहे. आपल्या खेड्यांत चावडीवाचनाची पद्धत आहे. सातबाऱ्याच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचतात आणि ज्याची नोंद चुकली तो तेथल्या तेथे उठून सांगतो. मतदार यादीचे असे वाचन शहरातल्या वस्त्यांत आणि पेठांत का होऊ नये? फोनवर नाव शोधता येते, पण शोधणाऱ्याला आपले नाव इंग्रजीत कसे लिहिले गेले असेल याचा अंदाज यावा लागतो. कानाला मात्र शिक्षण लागत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने दर वर्षी जुलै महिन्यात एक रविवार यासाठी काढावा. एकाने यादी वाचावी, एकाने अर्ज भरून द्यावा. मेलेल्यांची नावे वस्ती आपण होऊन सांगेल, स्थलांतर केलेल्यांची सांगेल, आणि राहून गेलेल्या नव्या सुनेचेही सांगेल. त्यासाठी ना निधी लागतो ना परवानगी. यादी जाहीरच असते.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. विषयात अद्याप कच्ची आहे. माझ्या प्राध्यापकांना यांतील काही सूचना भाबड्या वाटतील. त्यांनी त्या खोडून काढाव्यात, पण वर्गात, सर्वांसमोर खोडून काढाव्यात, अशी माझी नम्र विनंती आहे. कारण या प्रश्नाची चर्चाच न होणे हे सर्वांत वाईट. पुण्यात २०२४ च्या लोकसभेला निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनीच मतदान केले. जे गेले नाहीत त्यांना आपण दूषण देतो. परंतु ज्या शहरात निवडणूक चार वर्षे न होताही कारभार ‘चालतो’ असे लोकांनी पाहिले, त्या शहरात मतदानाला जाण्याचे महत्त्व त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? उदासीनता मतदाराने शोधून काढलेली नाही. ती त्याला शिकवली गेली.

नव्या महापालिकेची पाच वर्षे २०३१ च्या आरंभी संपतील. तेव्हा आज द्वितीय वर्षात असलेले आपण चोवीस-पंचवीस वर्षांचे असू. कोणी नोकरीत, कोणी शिक्षक, कोणी स्पर्धा परीक्षेत, कोणी कदाचित प्रशासनाच्याच खुर्चीवर. पक्ष कोणताही असो, आवडता उमेदवार कोणताही असो, २०३० ची दिवाळी झाली की आपण सर्वांनी एक प्रश्न विचारावा : मतदानाची तारीख कोणती? उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारावा, मोठ्याने विचारावा. यंत्रावरचा वाद त्यानंतर सावकाश घालता येईल.